गुरू पळतो, आजी थांबते: अंगणात ट्रॅकिंग माउंट कसा लावायचा

(एपिसोडचं लेखी रूप. बोललो तसंच ठेवलंय, फक्त ‘म्हणजे’ आणि ‘अ‍ॅक्च्युअली’ निम्मे काढलेत.)

मागे रातकिड्यांचा आवाज येत असेल तर तो इफेक्ट नाहीये. मी पाटसला घरी आलोय आणि अंगणात बसून रेकॉर्ड करतोय. मधेच मालगाडी आली तर थांबेन, कारण रूळ इथून फार लांब नाहीत.

आजचा विषय मोटरवाला माउंट. दुर्बिणीच्या खालचं ते यंत्र, जे ताऱ्याच्या मागे मागे दुर्बीण फिरवत राहतं. दुर्बिणी कोणत्या घ्याव्यात यावर हजार व्हिडिओ आहेत. माउंट कसा लावायचा यावर जे आहेत ते बहुतेक युरोप-अमेरिकेतले. तिकडे ध्रुव तारा आकाशात चांगला चाळीस-पन्नास अंश वर असतो. आपल्याकडे? पाटसचा अक्षांश साधारण १८.४. जेवढा अक्षांश, तेवढीच ध्रुवाची उंची. हात सरळ लांब करून मूठ वळली तर एक मूठ म्हणजे साधारण दहा अंश. म्हणजे आपला ध्रुव पुरता दोन मुठीसुद्धा वर नाही. वीस फुटांवर बारा फुटी ऊस उभा असेल तर ध्रुव गेलाच. माझ्याकडे नेमका उत्तरेलाच ऊस आहे. त्यामुळे ‘ध्रुवाकडे तोंड करा आणि सुरू व्हा’ हे पहिलंच वाक्य माझ्यासाठी निकामी होतं.

पण आधी मोटर हवीच कशाला, ते सांगतो, कारण बरेच जण म्हणतात की फोटो काढायचे नसतील तर मोटरची गरज नाही. मीही तेच म्हणायचो.

पृथ्वी ताऱ्यांच्या हिशेबाने २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंदांत एक फेरी मारते. आकाश तासाला १५ अंश सरकतं. पूर्ण चंद्र अर्ध्या अंशाचा, म्हणजे दर दोन मिनिटांना एक चंद्रभर आकाश पुढे. नुसत्या डोळ्याला हे कळत नाही. माझी दुर्बीण सहा इंची न्यूटोनियन. तिला १५० पट मोठं दाखवणारा आयपीस लावला की आकाशाचा जेमतेम एक तृतीयांश अंशाचा तुकडा दिसतो. गुरू त्याच्या एका कडेने आत येतो आणि दुसऱ्या कडेने बाहेर जातो. सगळे मिळून ८० सेकंद.

तुम्हाला-मला ८० सेकंद पुष्कळ. पण माझी आजी दुर्बिणीशी येते तेव्हा काय होतं बघा. आधी ती पदर सावरते. मग विचारते, चष्मा काढू का राहू देऊ? एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, तर कोणता डोळा लावायचा यावर चर्चा. मग वाकते. मग आयपीसच्या शेजारी डोळा लावते. मी म्हणतो, थोडं डावीकडे. तोवर गुरू गेलेला असतो. आणि आजी काय म्हणते? “दिसलं बाळा, दिसलं. लय छान.”

काही दिसलेलं नसतं. मला वाईट वाटू नये म्हणून ती म्हणते. दोन वर्षं ती असं म्हणत होती आणि मला कळत होतं. रांगेत शेवटी उभी राहणारी बहुतेक माणसं असंच करतात, विशेषतः वयस्कर. मागे लोक थांबलेत, आपल्यामुळे उशीर नको. म्हणून ‘दिसलं’.

तर मी माउंट घेतला तो आजीसाठी, असं म्हणायला हरकत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये पुण्यात एकाकडून जुना ईक्यू-५ जातीचा माउंट घेतला, दोन मोटरी आणि हातातला कंट्रोलर असलेला. ७ डिसेंबरला शनिवार होता आणि त्याच दिवशी गुरू सूर्याच्या बरोबर समोर येणार होता, म्हणजे वर्षातला सगळ्यात मोठा आणि रात्रभर दिसणारा. एवढा मुहूर्त कोण सोडेल?

कंट्रोलर चालू केला. त्याने रेखांश, अक्षांश, टाइम झोन, तारीख, वेळ विचारली. मी सगळं भरलं. मेनूत गुरू निवडला. कंट्रोलर म्हणाला, ‘क्षितिजाखाली आहे.’ आणि गुरू समोर पूर्वेला रोहिणीजवळ बल्बसारखा चमकतोय! अण्णा, म्हणजे माझे वडील, बाजेवर बसून म्हणाले, “तुझ्या मशीनला सांग, मान वर कर म्हणावं.”

झालं असं होतं, की कंट्रोलरला तारीख अमेरिकन पद्धतीने हवी होती, आधी महिना. मी ०७/१२ भरलं, त्याने १२ जुलै वाचलं. जुलैत त्या वेळी गुरू खरंच क्षितिजाखाली असतो. यंत्र बरोबर होतं. मी दिवसभर ऑफिसात तारखांच्याच फॉरमॅटचे बग सोडवतो, हे इथे मुद्दाम नमूद करतो.

दुसरा असाच खड्डा अक्षांशाचा. फोन दाखवतो १८.४. कंट्रोलरला हवे असतात अंश आणि मिनिटं. आपण भरतो १८ अंश ४० मिनिटं. बरोबर उत्तर १८ अंश २४ मिनिटं, कारण एका अंशात ६० मिनिटं. टाइम झोन ५:३०. तो अर्धा तास राहिला तर आकाशात साडेसात अंशांचा फरक पडतो, म्हणजे पंधरा चंद्र शेजारी शेजारी मावतील एवढा. आणि ‘डेलाइट सेव्हिंग’ विचारलं तर ‘नाही’. आपल्याकडे ती भानगड नाही.

आता जे मला समजायला महिना लागला ते सांगतो. शोधणं वेगळं आणि धरून ठेवणं वेगळं. तारीख, वेळ, अक्षांश हे आकडे लागतात यंत्राने ग्रह शोधावा म्हणून. ते चुकले तर यंत्र भलतीकडे बघेल, पण दोन ओळखीच्या ताऱ्यांवर नेऊन ‘हा रोहिणी, हा ब्रह्महृदय’ असं सांगितलं की बऱ्यापैकी सावरतं. धरून ठेवणं मात्र लोखंडाचं काम आहे. माउंटला एक मुख्य आस असतो. तो आस पृथ्वीच्या आसाला समांतर हवा, म्हणजे ध्रुवाकडे रोखलेला. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेला फिरते, मोटर तेवढ्याच वेगाने उलटी फिरते, हिशेब शून्य, तारा जागेवर. आस वाकडा असेल तर कंट्रोलरमध्ये कितीही अचूक आकडे भरा, तारा हळूहळू घसरणारच.

असा आस न ठेवताही काम होतं, नाही असं नाही. आपल्याच जिल्ह्यात खोडदला जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. त्या वर-खाली आणि डावी-उजवीकडे अशा दोन आसांवर वळतात आणि कॉम्प्युटर दोन्ही मोटरी सतत हिशेबाने चालवतो. एवढं प्रचंड ओझं तिरक्या आसावर तोलायचं म्हणजे अवघड, त्यापेक्षा हिशेब स्वस्त. माझ्या माउंटला एवढी अक्कल नाही. त्याला सरळ ध्रुवाकडे बघायला लावावंच लागतं.

ध्रुव उसामागे. मग उत्तर कशी काढायची? फोनचं होकायंत्र, बरोबर? मी फोन थेट माउंटवर ठेवला. खाली लोखंड, वजनं लोखंडाची, दोन मोटरींत चुंबकं. होकायंत्राने दाखवलेल्या उत्तरेला प्रत्यक्षात आमचा गोठा आहे. फोन वापरायचाच असेल तर माउंट, मोटरसायकल, पाण्याची मोटर सगळ्यांपासून दहा-पंधरा फूट लांब उभं राहा. आपल्या भागात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशाहूनही कमी फरक आहे, त्यामुळे तेवढ्याने काम सुरू होतं.

पण मला आवडलेली पद्धत सावलीची. गवंड्याकडून ओळंबा आणला, तिपाईला टांगला. सूर्य बरोबर दक्षिणेला आला की दोरीची सावली बरोबर उत्तरेला पडते. फक्त तो क्षण घड्याळातल्या बाराला येत नाही. आपलं घड्याळ चालतं ८२.५ रेखांशावर आणि पाटस आहे ७४.५ च्या आसपास. आठ अंशांची तफावत, प्रत्येक अंशाला चार मिनिटं, म्हणजे ३२ मिनिटं उशीर. त्यात पृथ्वीच्या कक्षेमुळे वर्षभर थोडं पुढेमागे होतं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला आपली खरी दुपार सव्वाबाराच्या आसपास, फेब्रुवारीत पाऊण वाजता. नेमकी वेळ कुठलंही आकाशाचं अ‍ॅप सांगतं. जानेवारीत एका मिनिटाची चूक झाली तर दिशेत साधारण ०.४ अंशाची चूक होते, तेवढी चालते. मेच्या मध्यात मात्र हा उद्योग करू नका. तेव्हा आपल्याकडे शून्य सावली असते, सूर्य थेट डोक्यावर. ओळंब्याची सावली ओळंब्याखालीच.

त्या रेघेवर ट्रायपॉडच्या तीन पायांच्या जागा ठरवल्या आणि सिमेंटचे तीन छोटे ठोकळे जमिनीत बसवले. आता दर वेळी तीन पाय तीन खुणांवर ठेवायचे, संपलं. आईचं म्हणणं, वाळवण घालायच्या जागेवरच तुला हे सुचलं. उन्हाळ्यात बघू.

आता उंचीचा स्क्रू. मागे-पुढे दोन मोठे बोल्ट असतात, त्यांनी आस वर-खाली होतो. बाजूला अंशांची पट्टी असते, तिच्यावर १८ च्या थोडं वर आणायचं. यात एकच नियम: एक बोल्ट ढिला केल्याशिवाय दुसरा आवळायचा नाही. मी दोन्ही आवळत गेलो. वर दुर्बीण, वजन सगळं चढवलेलं. बोल्ट वाकला. दोष पूर्ण माझा. दौंडला एका वर्कशॉपमध्ये लेथवर नवीन करून घेतला आणि तो मूळच्यापेक्षा चांगला निघाला.

आणखी एक गोष्ट खास आपल्या अक्षांशाची. आस जवळजवळ आडवा असल्यामुळे वजनाचा दांडा जवळजवळ सरळ खाली लोंबतो. उत्तरेला जो पाय असतो त्यालाच वजन जाऊन धडकतं. वरच्या देशांत दांडा लांब तिरका राहतो, म्हणून त्यांच्या व्हिडिओत हे कधी दिसत नाही. उपाय दोन. वजन दांड्यावर वर सरकवा आणि कमी पडलं तर जास्तीचं वजन लावा. नाहीतर ट्रायपॉड आणि माउंट यांच्या मधे एक खांबाचा तुकडा टाका. मी पहिला केला.

तोल पण बघा. क्लच सोडल्यावर दुर्बीण कुठेही ठेवली तरी तिथेच थांबली पाहिजे. फक्त पूर्वेकडची बाजू नावापुरती जड ठेवायची, म्हणजे मोटर सतत ढकलत राहते आणि गिअरचे दात एकाच बाजूने टेकलेले राहतात. अगदी शून्य तोल केला तर दात मधल्या फटीत हेलकावतात आणि ग्रह दचकल्यासारखा उडतो.

वीज कुठून? इथे मला अभिमान आहे. फवारणीच्या पाठीवरच्या पंपात १२ व्होल्टची बॅटरी असते. ती काढली, फ्यूज घातला, पिन लावली. आमच्या पंपातली आठ अँपिअर-अवरची आहे, रात्रभर सहज पुरते. पिनच्या आतलं टोक प्लस आहे ना, ते मीटर लावून बघा. उलट जोडलं तर पुढचा एपिसोड दुरुस्तीवर करावा लागेल.

(गाडी गेली. सोलापूरकडची होती. पुढे रेकॉर्ड करतो.)

या गाडीवरून आठवलं. याच मार्गावर दौंड आणि भिगवणच्या पुढे जेऊर स्टेशन लागतं, करमाळा तालुक्यातलं. २२ जानेवारी १८९८ ला तिथून खग्रास सूर्यग्रहण दिसलं होतं. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातले, म्हणजे आजच्या सीओईपीतले, कावसजी नायगमवाला तिथे आपली यंत्रं घेऊन गेले होते. पुण्यात त्यांच्याकडे ग्रब कंपनीची २० इंची दुर्बीण होती, त्या काळातली देशातली सगळ्यात मोठी. त्याच जेऊरला अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेलही आले होते. त्यांच्याकडे चाळीस फुटी कॅमेरा होता. चाळीस फुटी नळकांडं सूर्यामागे फिरवणार कसं? त्यांनी नळकांडं फिरवलंच नाही. ते जमिनीवर पक्कं बांधलं आणि आतली फोटोची काच घड्याळयंत्राने सरकवली. ट्रॅकिंग दुर्बिणीचं नाही, काचेचं! खग्रास अवस्था होती जेमतेम दोन मिनिटांची. मी या स्टेशनवरून कितीतरी वेळा गेलोय, कुठे काही पाटी बघितल्याचं आठवत नाही.

असो. आपण अंगणात परत येऊ.

सावली आणि पट्टी यांवर आस एका अंशाच्या आत बसला तरी पुरे का? हिशेब करा. एक अंशाची चूक असेल तर तारा जास्तीत जास्त तासाला अर्धा चंद्रभर घसरतो. म्हणजे मधोमध धरलेला गुरू १५० पटीलाही अर्धा तास आत राहतो. बघण्यासाठी खूप झालं. लोक फोटोवाल्यांचे व्हिडिओ बघून सेकंदाच्या भागापर्यंत अचूकता शोधत बसतात आणि रात्र संपते.

तरी सुधारायचं असेल तर घसरण बघून सुधारता येतं. दक्षिणेला, मध्यावर आलेला, मृगातल्या त्या तीन ओळीतल्या ताऱ्यांपैकी एक घ्या. तो उत्तर-दक्षिण कसा सरकतो ते पाच-दहा मिनिटं बघा. दक्षिणेकडे सरकत असेल तर तुमचा आस पूर्वेकडे झुकलाय, थोडा पश्चिमेला न्या. उत्तरेकडे असेल तर उलट. मग पूर्वेला वीस-तीस अंश वर आलेला तारा घ्या. तो दक्षिणेकडे सरकला तर आस खाली आहे, उत्तरेकडे सरकला तर वर आहे. दुर्बिणीत उलटं दिसतं, त्यामुळे उत्तर कुठली ते कळत नाही. दुर्बीण बोटभर ध्रुवाकडे ढकलायची. ज्या बाजूने नवे तारे आत येतील ती उत्तर. यात ध्रुव दिसायची गरजच नाही, ऊस खुशाल वाढू दे.

आणि एक, पूर्व-पश्चिम दिशेत तारा थोडा पुढेमागे डोलेल, त्याने घाबरू नका. माझ्या माउंटच्या चाकाला १४४ दात आहेत. एका दाताला साधारण दहा मिनिटं. त्या दहा मिनिटांत स्क्रूच्या घडणीतला दोष एकदा येतो आणि एकदा जातो.

आता २६ जानेवारी २०२५. रविवार होता. सकाळी शाळेत झेंडावंदन झालं, तिथे मी पोरांना सांगून बसलो की संध्याकाळी या. तीस-चाळीस जण आले, सोबत आया, बाया, दोन म्हातारे. पश्चिमेला शुक्र आणि खाली शनी, पूर्वेला पुनर्वसूजवळ लालसर मंगळ आणि डोक्यावर गुरू. चंद्र पहाटेपर्यंत येणार नव्हता. याहून चांगली रात्र मिळत नाही. गुरू लावला, पहिली पंधरा-वीस पोरं ‘आई शप्पथ’ करून गेली.

पावणेनऊच्या सुमारास खालून कर्र आवाज आला. दुर्बिणीची नळी ट्रायपॉडच्या पायाला टेकली होती आणि मोटर ढकलतच होती. गुरू नाहीसा. आकाशात उत्तर-दक्षिण मधली रेघ असते ना, याम्योत्तर वृत्त, ती गुरूने तेव्हाच ओलांडली. आणि त्या दिवसांत तो आपल्या जवळजवळ डोक्यावरूनच जात होता. असला माउंट ती रेघ ओलांडून थोडंच पुढे जाऊ शकतो. मग दुर्बीण एका बाजूची दुसऱ्या बाजूला उलटवावी लागते. मला हे माहीत होतं. वेळ बघायची राहिली. सगळ्यांसमोर क्लच सोडून, उलटवून, पुन्हा ताऱ्यांवर बसवेपर्यंत निम्मी मंडळी घरी गेली. दुसऱ्या दिवशी शाळा होती. त्या दोन म्हाताऱ्यांपैकी एकाने काहीच बघितलं नाही, ते मला अजून लागतं.

म्हणून हे लिहून ठेवा. लोक बोलावणार असाल तर आधी अ‍ॅपमध्ये बघा, तो ग्रह मधली रेघ कधी ओलांडतो. त्याच्या आसपासच्या अर्ध्या तासात दुसरं काहीतरी दाखवा. रेघ ओलांडली की ग्रह पुन्हा निवडा, माउंट स्वतःच बाजू बदलून घेतो. त्यानंतर तो मावळेपर्यंत काही बघावं लागत नाही.

आजी त्या रात्री अकराला आली. मी उठवलं नव्हतं. अण्णांची रात्रीची लाइट होती, ते उसाला दारं धरायला निघाले, त्या खडबडीत तिला जाग आली. गुरू पश्चिमेकडे कलला होता, आयपीस तिच्या उंचीला आला होता. मागच्या अनुभवावरून मी दुर्बिणीशेजारी प्लास्टिकची खुर्ची उलटी ठेवली, पाठ धरायला. नाहीतर माणूस आधारासाठी दुर्बीणच धरतो आणि सगळं हलतं. म्हटलं, घाई नाही. चष्मा काढ, नको वाटला तर ठेव. कुठला डोळा तो ठरव.

तिने सगळं सावकाश केलं. वाकली. बराच वेळ काही बोलली नाही. मी ‘दिसलं’ची वाट बघत होतो. तिने ते म्हटलंच नाही. म्हणाली, “ह्याच्या अंगावर दोन पट्टे हायेत व्हय?”

मी तिला पट्ट्यांबद्दल कधी सांगितलं नव्हतं.

मग म्हणाली, बाजूच्या बारक्या चांदण्या एका रेघेत कशा काय. मग उठली, पाठ सरळ केली, पुन्हा वाकली, आणि गुरू तिथेच होता. तिला त्याचंच जास्त नवल वाटलं. खुर्ची धरून तिने विचारलं, उद्या पण एवढ्यालाच असतो का? म्हटलं, चार मिनिटं आधी. रोज चार-चार मिनिटं आधी येतो.

“मग उद्या चार मिन्टं आधी उठीव मला.”

तर मंडळी, तुमच्या माउंटचं कुठे अडलं असेल तर व्हॉइस मेसेज पाठवा, पण आधी तारीख बघा, महिना पुढे आहे का दिवस. दुसरी गाडी येतीये, थांबतो.